लाल बटण

धोंडीराम बोरस्ते ऊर्फ नाना यांचा आवाज निफाड तालुक्यात कुणालाही नाव न सांगता ओळखू यायचा. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचा, हे त्यांचं काम. ट्रॉल्यांची रांग, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका आणि मधोमध पांढरी टोपी घातलेले नाना. एका दमात आकडे चढवत न्यायचे आणि शेवटच्या आकड्यावर आवाज असा तोडायचे की पलीकडे चहा पिणाऱ्यालाही कळावं, माल गेला.

त्या माणसाची वाचा २००६ च्या दिवाळीत एका सकाळी गेली. दात घासता घासता तोंड वाकडं झालं, तांब्या हातातून निसटला. नाशिकला नेलं, जीव वाचला, महिन्याभरात पाय चालू लागला, हातही बराचसा आला. पण शब्द आले नाहीत. समोरचा काय बोलतो ते सगळं कळायचं, स्वतः बोलायला गेले की एकच शब्द बाहेर पडायचा : "ते." भाकरी म्हणजे ते, बायको सगुणाबाई म्हणजे ते, आणि पायात चावणारी चप्पलही तेच. दोनदा-तीनदा प्रयत्न करायचे आणि मग हातात असेल ते भिंतीवर मारायचे.

उपचारासाठी नाना आणि सगुणाबाई सिडकोतल्या मुलाच्या घरी येऊन राहिले. मुलगा शेखर अंबडच्या एका कारखान्यात होता. दिवसभर सगळं बघायची ती त्याची बायको हर्षाली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, "त्यांची आयुष्यभराची सवय आकड्यांची आहे ना? मग तिथूनच धरा. शब्दांचा हट्ट करू नका."

शेखरने नवा फोन घेतला होता, जुना कपाटात पडून होता, त्यातलं कार्ड अजून चालू होतं. त्यात सुडोकू होता. नऊ बाय नऊ घरं, आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि प्रत्येक लहान चौकटीत एक ते नऊ आकडे, एकही दोनदा यायचा नाही. हर्षालीने तो नानांच्या हातात दिला आणि एकच नियम घातला : बटण दाबायच्या आधी आकडा मोठ्याने म्हणायचा.

पहिल्या आठवड्यात नाना नुसते बघत बसले. मग एका दुपारी ती कणीक मळत असताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "सात."

ती पिठाच्या हातांनी धावली. नानांनी तिच्याकडे बघितलं, पडद्यावरच्या एका घरावर बोट ठेवलं. "रिकामं," ते म्हणाले, आणि बटण दाबून, "सात."

त्या दिवशी घरात शिरा झाला.

पुढचे दोन-तीन महिने मात्र त्या शिऱ्याची चव हळूहळू उतरत गेली. एक ते नऊ सगळे आकडे आले, पण त्यापुढे नाना सरकेनात. फोन मात्र हातातून सुटेना. ताट समोर निवायचं. गोळी घ्या म्हटलं की हाताने थांब अशी खूण. कुणी फोन काढून घेतला तर डोळे असे लाल व्हायचे की सगुणाबाईही मागे सरायच्या.

"तू एक रोग काढायला गेली आन् दुसरा लावून दिला," त्या हर्षालीला म्हणायच्या. "तोंडातून शबूद यायचा तर राह्यला, मान वर करून मान्साकडं बघत बी नाय आता."

शेखरही वैतागला होता. "बोलता येत नाही म्हणून खेळत बसतात, आणि खेळत बसतात म्हणून बोलत नाहीत. डिलीट करून टाक."

"बाई म्हणाल्या, थोडा धीर धरा."

"बाईंच्या घरी राहायला येत नाहीत ते."

हर्षाली गप्प बसायची, कारण तिचंही एक गुपित होतं. दुपारी नाना झोपले की ती तोच फोन घेऊन बाल्कनीत बसायची. एकच, म्हणता म्हणता तीन व्हायचे. एकदा दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं, तेव्हा तिने सांगितलं की लाईट गेले होते. एकदा तिने नानांचा अर्धा सोडवलेला सुडोकू पुरा करून टाकला, आणि उठल्यावर नाना दिवसभर तिच्याशी रुसले होते.

एप्रिलमध्ये वणीच्या देवीला जायचं ठरलं. सगुणाबाई आधीच निफाडच्या घरी जाऊन बसल्या होत्या. हर्षालीने नानांना एसटीने निफाडला आणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी जीप करून वणीला जायचं, असा बेत. निघताना शेखरने बजावलं, "फोन घरी ठेव."

नाना फोन सोडायला तयार नव्हते. ऊन तापत चाललं होतं, बसची वेळ होत आली होती. हर्षालीने म्हटलं, असू दे, तासाभराचा तर रस्ता.

बस औरंगाबादची होती, लग्नसराईमुळे खच्चून भरलेली. दाराजवळच्या सीटवरून कुणीतरी उठून नानांना जागा दिली. हर्षाली मागे लोकांच्या गर्दीत, दोन पिशव्या सांभाळत उभी. निफाड आलं तेव्हा माणसांचा लोंढा तिला ढकलत दाराशी घेऊन आला. "नाना, उतरा, आलं निफाड," असं ती ओरडली. नानांनी मान हलवली, तिने बघितली. ती खाली उतरली, पिशव्या जमिनीवर ठेवल्या, पदर सावरला आणि मागे वळली. मागून एक बाई उतरली, एक पोतं उतरलं, आणि कंडक्टरने घंटी मारली.

"अहो, थांबा! थांबा!"

बस स्टँडच्या फाटकातून वळत असताना तिला खिडकीतून पांढरी टोपी दिसली. खाली झुकलेली.

ती थोडं धावली. धुळीत चप्पल तुटली. मग तिने स्वतःचा फोन काढला आणि नानांना लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट.

नानांना ते लाल बटण तिनेच शिकवलं होतं. खेळ चालू असताना फोन आला तर खेळ अडतो, मग हे दाबायचं.

कंट्रोलरच्या खिडकीशी तिने हात जोडले. "दादा, माझे सासरे बसमध्ये राहिले. त्यांना बोलता येत नाही. पुढच्या स्टँडला सांगा ना."

कंट्रोलर बरा माणूस होता. त्याने येवल्याला फोन लावला, तिला बाकड्यावर बसायला सांगितलं. पण बस येवल्याला पोचेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. दुपारची गोळी पिशवीत होती, रक्त पातळ ठेवणारी, चुकवायची नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलेली. नानांकडे पाण्याची बाटली नव्हती. खिशात दमडी नव्हती. आणि सकाळी फोनच्या बॅटरीची एकच काडी उरली होती, हे तिला आता आठवलं. प्रत्येक वेळी फोन वाजला की ती काडी थोडी जळणार. लावावा तर बॅटरी जाते, न लावावा तर राहवत नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सगुणाबाई.

"पोचलात का गं? जेवान झाकून ठेवलंय."

हर्षालीच्या तोंडातून निघून गेलं, "बस उशिरा आहे, आई. येतोच."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. आता हे खोटं किती वेळ पुरवायचं?

येवल्याहून निरोप आला. बस स्टँडवर आली होती, पण टोपीवाला म्हातारा तिच्यात नव्हता. कंडक्टर म्हणाला, विंचूर चौफुलीला उतरले असं वाटतं, तिथे बरेच लोक उतरले.

"विंचूर म्हणजे अलीकडेच आहे," कंट्रोलर म्हणाला. "जा पटकन. काळी-पिवळी मिळेल बाहेर."

तिने बाहेर धाव घेतली. जीपमध्ये तिला बसायला अर्धी मांडी जागा मिळाली. विंचूरला उतरून तिने नाक्यावरचं एकेक दुकान पालथं घातलं. पंक्चरवाला, रसवंती, खताचं दुकान, मारुतीचं देऊळ. "पांढरी टोपी, उजवा पाय जरा ओढतात, हातात फोन आहे." लोक माना हलवायचे. एक म्हातारा दाखवला, तो भलताच निघाला. ऊन असं तापलं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. विहिरी, कालवा, भरधाव ट्रक, तिच्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं. आणि त्या सगळ्यांच्या वर शेखरचं एकच वाक्य : फोन घरी ठेव.

जीपमध्ये दोनदा लावला होता, दोन्ही वेळा कट. आता तिने पुन्हा लावला. वाजला. तो कट होईपर्यंत तिने श्वास धरला. कट झाला. म्हणजे आहेत. बोट चालतंय. एवढाच काय तो आधार.

रसवंतीच्या बाकावर ती बसली आणि सगुणाबाईंना फोन लावला. या वेळी खरं सांगितलं, सगळं, बस निघून गेली तिथपासून.

सगुणाबाई म्हणाल्या, "रडू नको. फोन उचलतो का?"

"कट करतात, आई. खेळत असणार. खेळ संपल्याशिवाय नाही उचलायचे."

"मग संपू दे त्याचा. घडी घडी वाजवू नको. त्याला घाई केली की त्याचं सगळं बंद पडतंय, मला म्हाईत हाय. आन् उचलला तर कुठं हाय, काय हाय, असलं विचारू नको. शबूद मागितला की तो चिडनार."

"मग विचारू काय?"

"ते तुला ठाव. तुमी दोघं दिवसभर काय करता ते मला कुठं कळतंय?"

हर्षालीने फोन मांडीवर ठेवला आणि वाट बघत राहिली. तिच्या आयुष्यात इतकं कठीण काम तिने केलं नव्हतं. रसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. समोरून एकामागून एक एसट्या जात होत्या. बोट सारखं बटणाकडे जायचं, ती मागे घ्यायची. शेवटी राहवेना तेव्हा तिने लावला.

वाजला. वाजत राहिला. आणि उचलला गेला.

"नाना!"

"ते," नाना म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता. "ते... ते... ते..."

"घाबरू नका, मी येतेय. कुठे..." तिने जीभ चावली. पलीकडून जोरात श्वास ऐकू येत होता, चिडण्याआधी यायचा तसा. मधेच बारीक टूं असा आवाज आला. बॅटरी संपत आल्याची खूण.

"नाना, ऐका. बोलायचं नाही. तिथे कुठे आकडे दिसतात? दुकानाच्या पाटीवर? भिंतीवर? बघा बरं नीट."

गाड्यांचे हॉर्न. मग, "ते."

"हां. आता आपण खेळतो तसं. डावीकडून एकेक घर. म्हणा."

"रिकामं," नाना म्हणाले.

"रिकामं नको, नाना, आकडा..."

"रिकामं!" ते ओरडले. मग सावकाश, दाबून, "रिकामं. दोन. पाच. पाच. नऊ."

सुडोकूत शून्य नसतो. हा आकडा त्यांनी इतक्या महिन्यांत कधी म्हटलाच नव्हता. रिकामं म्हणजे शून्य. शून्य दोन पाच पाच नऊ. रसवंतीवाल्याच्या मागे भिंतीवर जाहिरात रंगवलेली होती, तिच्या खाली हेच पाच आकडे होते. तिने बोटाने दाखवलं. "हा कोड कुठला हो?"

"येवल्याचा," तो म्हणाला.

"पुढे, नाना! पुढचं म्हणा!"

नाना म्हणत गेले. तिने रसवंतीवाल्याच्या फळ्यावरचा खडू उचलला आणि बाकावरच लिहीत गेली. मधेच नाना अडखळले, "सहा... ते... आठ. आठ." पाच आकडे झाले. टूं वाजलं. "आता शेवटचा, नाना."

काहीच नाही. फोन मेला होता.

रसवंतीवाला बाकावर वाकून बघत होता. "सहा आकडी नंबर असतोय येवल्याचा. एक राह्यला."

"हो," हर्षाली म्हणाली. "एकच घर राहिलंय." आणि ती शेवटच्या घरात एकेक आकडा घालून बघू लागली. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरा कुणीच उचलला नाही. तिसरा एका घरातल्या मुलीने उचलला, इथे कुणी नाही म्हणून ठेवून दिला. एक बँक लागली. एक लहान मूल नुसतं हॅलो हॅलो करत बसलं. घाईत एकदा तिने कोडच चुकीचा दाबला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. मग एका ठिकाणी पलीकडून हातमागाची खटखट ऐकू आली आणि एका बाईचा आवाज, "बोला, पैठणी पाहिजे का?"

"ताई, तुमच्या दुकानाबाहेर कुणी म्हातारे आहेत का? पांढरी टोपी?"

"हायेत की! आमच्या पायरीवर बसलेत. तुमी कोण त्यांच्या? काई बोलतच नाय हो ते."

हर्षालीला रडू फुटलं. रसवंतीवाल्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि पत्ता विचारून घेतला. ती बाई म्हणाली, दुकान विंचूर चौफुलीला लागूनच.

"अहो, ते विंचूर चौफुली म्हणजे येवल्यातच हाय," तो फोन परत देत म्हणाला. "विंचूरकडं रस्ता फुटतो त्या नाक्याचं नाव. कंडक्टर बरोबर बोलला, ऐकणाऱ्यानं गाव धरलं."

येवल्याला ती पोचली तेव्हा नाना दुकानाच्या आत, पंख्याखाली खुर्चीत बसलेले होते. दुकानातल्या कुसाबाईंनी त्यांना पाणी पाजलं होतं, दोन केळी खायला घातली होती. हर्षालीला बघताच नाना उठायला गेले, पण पाय साथ देईना. तिने गोळी काढली, पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला. ओरडायचं होतं तिला, सगळ्या रस्त्याने ती जुळवत आली होती. 'त्या खेळापायी तुम्ही...' असं सुरू होणार होतं.

कुसाबाई म्हणाल्या, "लय घाबरलेले हो. चौफुलीवर उतरले, पुढं पळाले, मागं पळाले, तुमालाच शोधत व्हते वाटतं. मग पायरीवर बसले. फोन वाजला की बघायचे त्याच्याकडं, तोंड हालवून बघायचे, आन् डोळ्यातून पाणी. मग बंद करायचे."

"खेळत नव्हते?"

"कसलं खेळतात, बाई. नुसता हातात धरलेला."

हर्षालीने नानांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मग हातातला बंद फोन थोडा वर केला, कानाशी नेला, ओठ उघडले, आणि रिकामा तळहात तिच्यापुढे धरला. उचलला असता तर विचारलं असतं कुठे आहात. आणि तोंडात काय होतं? एक 'ते'. ज्याच्या आवाजावर बाजार हलायचा, त्याने सुनेच्या कानात 'ते, ते' करायचं, हे त्यांना सोसत नव्हतं. बसमध्ये खेळाने मान खाली घातली होती हे खरं, ते पहिले दोन कट खेळापायीच. नंतरचे सगळे लाजेपायी. आणि घरी, ताटावर, माणसांत, फोनमध्ये तोंड खुपसून बसायचे तेही किती खेळापायी आणि किती त्यापायी, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. ती स्वतः दुपारी बाल्कनीत कशापायी बसायची, हेही नाही.

जुळवून आणलेलं सगळं तिने गिळलं. "चला," ती म्हणाली. "आई थांबल्यात."

परतीच्या बसमध्ये नानांना खिडकीशी बसवून ती त्यांच्या लगत बसली. कंडक्टर आला. "कुठलं?"

हर्षाली तोंड उघडणार, तोच नानांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"दोन," ते म्हणाले.

"दोन कुठली?"

नाना म्हणाले, "ते..." कंडक्टरने तिकिटं टोचायचा चिमटा पेटीवर टकटक आपटला. मागच्या सीटवरून कुणीतरी हसलं. "आजोबा, लवकर." नानांच्या कपाळावरची शीर फुगली. हर्षालीच्या जिभेवर ते गाव येऊन बसलं होतं, तिने दात आवळून धरले आणि कंडक्टरला डोळ्यांनीच विनवलं.

"नि," नाना म्हणाले. "नि... नि..."

कंडक्टर आपटायचा थांबला.

"निफाड."

"दोन निफाड," कंडक्टर म्हणाला, आणि तिकिटं फाडून त्याने हर्षालीला नाही, नानांच्या हातात दिली.

निफाडच्या स्टँडवर सगुणाबाई उन्हात उभ्या होत्या, पदर डोक्यावर, चेहरा तांबडा. नाना उतरले तसा त्यांनी त्यांच्या हातातून तो बंद फोन काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"हा आता माझ्याजवळ राहनार," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मिळंल. आन् तोंडानं मागितला तर."

नानांचे डोळे लाल झाले. हर्षालीला वाटलं, आता भडकणार. पण ते तसेच उभे राहिले, बायकोकडे बघत, ओठ जुळवत, सोडत, पुन्हा जुळवत. सगुणाबाईंनी त्यांना घाई केली नाही. हर्षालीने दोन्ही पिशव्या उचलल्या, तुटकी चप्पल हातात घेतली आणि तिघं घराकडे निघाली. रात्री शेखरला सगळं सांगायचं होतं, जळालेल्या पातेल्यासकट.